मिसरीच्या डबीतली पुडी

आमच्या मालकिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन जोंधळ्याची दुसरी सुगी झाली. लोक म्हणतात, आता विसरा. ज्यांचं काही गेलेलं नसतं ते लवकर विसरायला सांगतात. मी विसरणार नाही आणि एका माणसाला विसरू देणारबी नाही. हे लिहून राहिलो ते त्याच्यापायी. मी चौथी शिकलेला. उमरीला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात जिंदगी गेली. शुद्ध-अशुद्ध ज्याला बघायचं त्यानं बघत बसावं.

दुखणं पायापासून सुरू झालं. ती कापूस वेचायला कधी चप्पल घालून गेली नाही. काळ्या रानात चप्पल रुतते, पाय अडकला की हात थांबतो, असं म्हणायची. टाचेच्या आतल्या अंगाला एक काळा ठिपका दिसायला लागला. पऱ्हाटीचं धसकट आत मोडलं असं तिला वाटलं, मलाबी वाटलं. आमच्याकडं पायात काही मोडलं की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. चटका बसतो, डाग पडतो, आतलं वर येतं. तिनं लावला. बिब्ब्याचा डागबी काळाच. काळ्यावर काळं, कुणाला कळणार? बिब्ब्याचा डाग आहे, जाईल, म्हणण्यात वरीस गेलं. त्याचा राग मला कुणावर नाही. बिब्बा कुणाला सांगत नाही की मी कॅन्सर बरा करतो.

ठिपका पसरला, चिघळला, तेव्हा नांदेडला नेलं. तुकडा काढून तपासला. मेलानोमा निघाला. कातडीच्या रंगातून उठणारा कॅन्सर, गोऱ्या लोकांना उन्हानं होतो, आपल्याकडं असा तळपायाला निघतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. टाचेचं मांस काढलं, जांघेतली गाठ काढली. ती लंगडत घरी आली आणि लंगडतच चुलीपुढं बसली. पुढं जांघेत परत गाठ आली आणि छातीच्या फोटोत ठिपके दिसले. मग आम्हाला लातूरला पाठवलं.

लातूरचा डॉक्टर वयानं आमच्या पोरासारखा, आम्हाला पोर असतं तर. त्यानं सांगितलं की आता कापून भागणार नाही, इम्युनोथेरपीचं इंजेक्शन देऊ, सलाईनीतून. किंमत ऐकून मी खुर्चीवरून उठलो होतो. त्यानं बसवलं, म्हणाला, कमी मात्रेतबी हे औषध काम करतं असं दिसून राहिलंय, तसं करू. तरी तिच्या बापानं दिलेला रानाचा तुकडा गेला. जाऊ दे, रान तिच्यासाठीच होतं.

तिला डॉक्टरांचं सगळं समजून घ्यायचं असायचं. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, पण प्रश्न विचारायची. डॉक्टर म्हणाले, शरीरात पहारेकरी असतात, ते रोगाला ओळखून मारतात. हा कॅन्सर लबाड आहे. पहारेकऱ्याला गप्प करायची खूण त्याला माहीत आहे. इंजेक्शननं ती खूण चालेनाशी होते.

"म्हणजे चोरानं जागल्याला दारू पाजून निजवलंय," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. "तसंच समजा, आजी."

"आन ह्या सलाईनीत दारू उतरवायचं औषध हाय."

"हाव," ते म्हणाले. लातूरचा माणूस, तिच्यापुढं हाव म्हणायला लाजला नाही. मला तो तिथंच आवडला.

दुसऱ्या खेपेला आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. बाहेरच्या देशात ह्याच रोगावर जिवंत विषाणूबी वापरतात. ताप आल्यावर ओठाच्या कडेला पुरळ उठतं ना, त्याचाच विषाणू. त्याला आधी दुबळा करायचा, मग सुईनं गाठीत सोडायचा. तो गाठीतल्या पेशी फोडतो आणि त्या गोंधळानं शरीरातले पहारेकरी जागे होतात, त्यांना चोर कोण ते कळतं. आपल्याकडं ते अजून मिळत नाही, पण पुढं मिळेल.

तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं. "रोगावर रोगच सोडायचा असंल तर ह्यांच्या भावकीतलं कुणी सोडा की. जलमभर आमच्या मागं लागलेत, एकदा गाठीच्या मागं लागू द्या."

सलाईन लावलेल्या बाकीच्या बायाबी हसल्या. नर्सला सुई नीट धरता येईना. मी तोंड वळवलं, कारण मलाबी हसू आलं होतं आणि भावकीची बाजू घ्यायची का नाही हे कळत नव्हतं.

औषध लागू पडलं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढं काही लोकांनी मला सांगितलं की तिचं मरण लिहिलेलंच होतं. लागू पडलं होतं. जांघेतली गाठ लिंबाएवढी होती ती बोराएवढी झाली. मी स्वतः हात लावून बघितलं. फोटोतले ठिपके वाढायचे थांबले. डॉक्टर फोटो उजेडाकडं धरून बघत होते आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते म्हणाले, जागल्या उठला आजी.

पण अंगाला खाज सुटायची, थकवा यायचा. भाकरीचा वास नको म्हणायची. ज्या बाईनं लग्नापासून रोज माझ्याआधी उठून चूल पेटवली ती दुपारपर्यंत पडून राहायची. डॉक्टर म्हणायचे, थोडं सोसा, चालू औषधाचंच हे आहे. ती सोसत होती. त्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या नातवाचं जावळ निघालं. बहीण इस्लापूरकडं दिलेली. मी गाडीत बसवून दिलं. म्हटलं, बहिणीकडं चार दिवस राहील, बरं वाटेल.

तिथं त्यांनी तिला पुडीवाल्याकडं नेलं.

हा माणूस इस्लापूरच्या पलीकडं जंगलाच्या कडेच्या एका गावात बसतो. दर गुरुवारी. गुडघे, दमा, सांधे, कॅन्सर, सगळ्याला एकच पुडी. पैसा मागत नाही. नारळ ठेवायचा, गुळाचा खडा ठेवायचा, मनाला येईल ते पेटीत टाकायचं. जो मागत नाही त्याच्यावर आपले लोक लवकर विश्वास ठेवतात. त्यानं तिला सांगितलं, डॉक्टर प्रतिकारशक्ती वाढवून राहिले ना, मीबी तीच वाढवतो, दोन्हींनी लवकर गुण येईल. आणि जाताना सांगितलं की कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही. वाच्यता झाली की पुडीचा गुण जातो.

शहरातल्या माणसाला हे वेडेपण वाटेल. आमच्याकडं हा जुना शिरस्ता आहे. झाडपाला देणारा झाडाचं नाव सांगत नाही आणि घेणारा घेतलं म्हणून सांगत नाही. माझ्या लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा आईनं असंच काहीतरी दह्यात पाजलं होतं. काय होतं ते ती मरेपर्यंत बोलली नाही. मग ही का बोलेल? तिला जगायचं होतं, तिनं तोंड मिटून घेतलं.

ती परत आली ती महिनाभरात बदलली. दोन भाकरी खायला लागली. अंगणात झाडू मारायला लागली. तोंड भरलं, गाल वर आले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय तेज आलंय तोंडावर. मी खूश. मी लातूरच्या डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडत होतो. फक्त एका गोष्टीवरून मी तिच्यावर ओरडायचो. तिला मिसरीची सवय होती. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली होती आणि तिनं ती सोडलीबी होती. आता रोज सकाळी पुन्हा कमरेची डबी काढून भिंतीकडं तोंड करून बोट तोंडात घालायची. मी म्हणायचो, अगं एवढं चांगलं होऊन राहिलंय आणि मिसरी कशाला? ती गप्प. ती माझं ऐकून घेणारी बाई नव्हती, तरी गप्प. माझ्या तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिचं तोंड बघितलं आणि ते हसले नाहीत. वजन केलं, साखर तपासली. कधी नव्हती ती साखर वाढलेली. हातावर निळे डाग होते, ते त्यांनी बोटानं दाबून बघितले. जांघेला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून विचारलं की दुसरं काही औषध घेता का? ती म्हणाली, न्हाई. त्यांनी परत विचारलं. ती फरशीकडं बघून परत न्हाई म्हणाली.

"बरं आजी, मग सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय घालता ते सांगा. चहापासून."

तिनं चहा सांगितला, गोळ्या सांगितल्या, भाकरी सांगितली. मीच मधे बोललो. म्हटलं, आणि मिसरी, ती सांग की. डॉक्टर, ही सुधरत नाही, रोज सकाळी लावते.

डॉक्टरांनी हात पुढं केला. तिनं कमरेची डबी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी ती सोडवून घेतली आणि उघडली. मिसरी काळी असते. डबीत राखाडी भुकटी होती, वर लाल कागदाची घडी.

"सांगितलं की गुण जातो, अवो," ती मला म्हणाली. "आता गेला."

टाच कापली तेव्हा ती रडली नव्हती. तिथं रडली, डबीसाठी. सगळं सांगितलं तिनं तेव्हा, बहीण, नारळ, गुरुवार, सगळं. डॉक्टर तिला एक शब्द रागानं बोलले नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाले, अशा पुड्यांत इंग्रजी गोळी कुटून घालतात, स्टिरॉइड. भूक लागते, सूज उतरते, माणसाला बरं वाटतं. पण तिच्या अंगातले जे जागल्ये आम्ही उठवले ते ह्या औषधानं परत निजतात. पुडी तपासायला पाठवली. तीच गोळी निघाली.

मी विचारलं, मग ह्या पुडीनं घात केला ना? ते इमानदार माणूस, त्यांनी मला पाहिजे ते उत्तर दिलं नाही. म्हणाले, खात्रीनं नाही सांगता येत, पुडी नसतानाबी पुष्कळांना हे इंजेक्शन एका टप्प्यावर लागायचं थांबतं. त्यांना खात्री नाही. ठीक आहे, त्यांनी खात्री शिकायला पुस्तकं वाचलीत. मी गाठ बोराएवढी झालेली हातानं बघितली आहे आणि परत लिंबाएवढी झालेलीबी हातानंच बघितली. मला खात्री आहे.

त्या दिवशी मी ती भुकटी दवाखान्याच्या मोरीत टाकायला निघालो होतो. डॉक्टरांनी दंड धरला. म्हणाले, एकदम बंद केलं तर आज्जींचा जीव जाईल, शरीराला त्याची सवय लागली आहे, हळूहळू उतरवावं लागेल. पुडीऐवजी त्यांनी मोजून गोळ्या दिल्या. औषध तेच, पुडीतलंच. तर बघा, त्या माणसानं तिच्या तोंडात जे घातलं ते मला माझ्या हातानं रोज सकाळी घालावं लागलं, थोडं थोडं कमी करत. ती तोंड उघडायची आणि मी गोळी ठेवायचो. त्या सकाळी मी त्याच्या नावानं जे ठरवत होतो ते मी कागदावर लिहीत नाही.

इंजेक्शनं पुन्हा सुरू केली. जागल्या उठला नाही. जोंधळे हुरड्यात असताना ती गेली, घरात, दिवसाउजेडी, खाटेवर उताणी. जायच्या आधी मला म्हणाली होती, बाबाला काय बोलू नका, त्यानं पैका मागितला न्हाई. मी हाव म्हटलं नाही. ती वाट बघत होती मी हाव म्हणायची. मी तिच्या पायावर पांघरूण ओढलं आणि उठलो.

दिवसपाणी झालं. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन बघितला. साहेब भला होता, पण म्हणाला, तुमच्या डबीतली पुडी त्याचीच कशावरून? साक्षीला कोण येईल? तिची बहीण येईना. तिला गावात राहायचं होतं. मग एका गुरुवारी मी पिशवीत भाकरी घेतली आणि हमालीचा आकडा घेतला. गाठ ओढायचा लोखंडी आकडा, मूठ माझ्याच हातानं झिजलेली. उमरीहून मुदखेड आणि मुदखेडला गाडी बदलून इस्लापूर. कुणाला सांगितलं नाही. मीबी वाच्यता केली नाही.

त्याच्या अंगणात मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली रांग. मी रांगेत बसलो. इकडं तिकडं बघितलं. सगळी तोंडं माझ्या मालकिणीची. गोल, तुकतुकीत, गाल वर आलेले. बाया, म्हातारे, एक पोलिओचा माणूस, सगळे फुगलेले आणि सगळे खूश. एकमेकांना सांगत होते, कसा फरक पडला. फक्त ओसरीवर एक म्हातारी तुरी पाखडत होती, तिचं तोंड सुकल्या बोरासारखं झालेलं. गुडघ्याला फडकं बांधलेलं. ती त्याची माय होती, हे मला नंतर कळलं.

माझी पाळी आली. माणूस काही राक्षस नव्हता. पन्नाशीचा, दाढी नीट केलेली, कपाळाला बुक्का. मला म्हणाला, काय होतंय मामा? मी म्हटलं, मालकीण गेली. तो च्च् च्च् करून म्हणाला, दुःखानं झोप लागत नसंल. आणि पुडी उचलून माझ्या हातावर ठेवली. तीच. लाल कागदाची.

माझा दुसरा हात पिशवीत होता, आकड्याच्या मुठीवर. त्याचं डोकं माझ्यापुढं वाकलेलं होतं. आणि तो म्हणाला, "कुणाला सांगू नका मामा. वाच्यता झाली की गुण जातो."

मी आकडा सोडून दिला. मेला असता तर त्याचा देव झाला असता, समाधी बांधली असती लोकांनी मोहाखाली आणि तिथंबी नारळ फुटले असते. त्याचं मरण कशात आहे ते त्यानंच मला सांगितलं होतं.

मी रांगेकडं तोंड करून उभा राहिलो आणि वाच्यता केली. पुडीत काय आहे, तोंड का फुगतं, भूक का लागते, माझ्या मालकिणीचं काय झालं. हमालाचा आवाज आहे, अंगणाच्या बाहेरपर्यंत गेला. आणि शेवटी, तोंडात कडू आलं तरी, डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं की कुणी एकदम बंद करू नका, जीव जाईल, आधी डॉक्टरला दाखवा. त्याच्या चार माणसांनी काखेत हात घालून मला बाहेर काढलं. चपला आतच राहिल्या. रांग तशीच राहिली. एक बाई म्हणाली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या.

दुसऱ्या गुरुवारी मी नवीन चपला घालून गेलो आणि रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो. अंगण त्याचं, रस्ता सरकारचा. येणाऱ्या प्रत्येकाला डबी उघडून दाखवायची आणि सांगायचं. काहींनी ऐकलं, काहींनी आईवरून शिव्या दिल्या. मी शिव्या ऐकून घेतल्या. जिनिंगमध्ये ह्याहून चांगल्या मिळायच्या. मेव्हणी आली, पदर पसरून म्हणाली, आमचं इथं पाणी बंद होईल, जा तुम्ही. मी म्हटलं, अक्का, तुम्ही जावळाला बोलावलं तेव्हा ती चालत आली होती. ती गेली. पुन्हा आमच्या दारात आली नाही.

असे गुरुवार जात राहिले. मग तो स्वतः पुलावर आला. उन्हात माझ्याजवळ कठड्यावर बसला, जोडीदार असल्यासारखा. हळू आवाजात म्हणाला की पुडी तो करत नाही, तयार भुकटी बाहेरून पोत्यानं येते, तो फक्त घड्या घालतो. त्यात काय आहे त्याला काय माहीत? लोकांना बरं वाटतं, ते येतात. तो कुणाला बोलवायला जात नाही.

"मामा, माझं वाईट चिंतू नका," तो म्हणाला. "मला खरंच ठाऊक नव्हतं."

 पण मी त्याच्या मायचं सुकलेलं तोंड बघितलं होतं आणि ते मला गाडीत, घरी, चुलीपुढं दिसत राहायचं.

पुढच्या गुरुवारी मी पुलावर थांबलो नाही. सरळ अंगणात गेलो, रांगेच्या पुढून ओसरीपाशी. त्याची माणसं उठली, पण मी म्हातारीपुढं बसलो तेव्हा थांबली. मायपुढं बसलेल्या म्हाताऱ्याला ओढायचं कसं?

राम राम घातला. गुडघ्याचं विचारलं. ती बोलायला भुकेली होती, म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतं? गुडघा रात्रंदिवस ठणकतो म्हणाली, पाटावर बसता येत नाही, उठताना खांब धरावा लागतो.

"मग पुडी घेत न्हाई व्हय, अक्का?" मी विचारलं. "घरात एवढं औषध, आन गुडघा ठणकतो?"

"मला न्हाई देत त्यो," म्हातारी सूप हलवत म्हणाली. "मागितली म्या लई बार. म्हणतो, तुला न्हाई सोसायची, हाडं ठिसूळ होतील."

सुपातल्या तुरीचा आवाज तेवढा येत राहिला. तिला कळलंच नव्हतं ती काय बोलली. पुडीवाल्याच्या हातात कुणाचातरी नारळ होता, तो तसाच हातात राहिला. रांगेत सगळ्यात पुढं एक जाडजूड बाई होती, पुडी घेऊन झालेली, निघायच्या तयारीत. ती वळली.

"आन आमची हाडं काय लोखंडाची हायत का रं बाबा?"

तो मायकडं बघत होता. मायनं आता सूप खाली ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. मी त्याचं तोंड नीट बघून घेतलं, घाई केली नाही. दवाखान्यात माझी मालकीण डबी दोन्ही हातांनी धरून बसली होती तेव्हाचं तिचं तोंड मी मनात ठेवलं होतं, त्याच्या शेजारी हे ठेवलं.

रांग उठली. सगळी नाही, अर्ध्याहून जास्त. काही बाया तशाच बसून राहिल्या, दुखणं लई वाईट असतं. जे उठले त्यांना मी वाटेत उभा राहून परत तेच सांगितलं की पुडी एकदम सोडू नका, आधी डॉक्टरकडं जा. आणि तिथं लपवू नका, तोंडानं सांगा. त्या जाड्या बाईनं माझ्याकडून लातूरच्या दवाखान्याचा रस्ता विचारून घेतला.

त्याची माय आता लेकीकडं राहते म्हणे. लेकाच्या हातचं पाणी घेत नाही. मी एका मायला लेकापासून तोडलं असं मेव्हणीनं निरोपात कळवलं. तोडलं असेल. ऐकून मला बरं वाटलं, त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

पण तो माणूस संपला नाही. मोहाखाली आता बसत नाही, हिमायतनगरच्या बाजूला एका पाहुण्याच्या घरी बसायला लागला असं ऐकलं. गुरुवार सोडून सोमवार धरला, मी चुकावा म्हणून. मी एका सोमवारी गेलो. घर विचारत विचारत शोधलं. रांग लहान आहे, पण आहे. त्यानं मला दारात बघितलं आणि हातातली पुडी मांडीखाली सरकवली.

सलाईन लावून बसली असताना मालकीण म्हणाली होती की भावकीतला एखादा त्या गाठीच्या मागं सोडा. लातूरच्या डॉक्टरांना मी मागं एकदा भेटायला गेलो होतो, त्यांना त्या रोगावर सोडायच्या रोगाचं विचारलं. अजून आलं नाही म्हणाले. मी म्हटलं, तोवर मी आहे.

डबी मी धुतली नाही. पिशवीत भाकरीच्या खाली ठेवली आहे. उद्या सोमवार आहे, मुदखेडची गाडी सकाळची.